गिळलेल्या चार मात्रा

‘खालीला टाळी वाजवलीस तर दोरीनं हात बांधीन,’ रंगामामा म्हणाले आणि त्यांनी माझा उजवा हात मनगटाला धरून उलटा केला. ‘असा. तळवा आभाळाकडं. हितं वाजवायचं न्हाई. हितं गप ऱ्हायाचं.’

‘मग कळायचं कसं, मामा, की इथं काहीतरी आहे म्हणून?’

‘वाजवलं न्हाई म्हणूनच कळतं, येडे. चल, परत. धा धिं धिं धा…’

मी परत सुरुवात केली आणि परत खालीला फाडदिशी टाळी वाजवली. मामांनी कपाळावर हात मारला. शेजारी पेटीवर बसलेल्या संगीताच्या आठल्येबाई हसू दाबायला खिडकीतून बाहेर बघायला लागल्या.

ही १९७१ सालची गोष्ट. मी मॅट्रिकला होते. आता कुणी म्हणेल, शालनबाईंना गाण्याची भारी आवड, म्हणून शाळेत संगीत घेतलं असेल. छे हो. मी गणितातून पळून आले होते. त्या वेळी आमच्या बोरखडीच्या शाळेत मुलींना मॅट्रिकला गणिताच्या जागी संगीत घेता यायचं. आदल्या वर्षी मला गणितात शंभरापैकी अकरा मार्क पडले होते, तेही बहुधा अक्षर बघून दिले असावेत. त्यामुळे संगीत हा विषय मला देवानं लावलेल्या शिडीसारखा वाटला आणि मी चढले.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते पटवायचं होतं. आमची पिठाची गिरणी होती. आप्पा इंजिनाचा पट्टा उतरवत होते, तेव्हाच मी विषय काढला.

‘गाणं? शाळंत?’ त्यांनी विचारलं. ‘आन त्येला मार्क देत्यात?’

‘देतात. लेखी आणि प्रात्यक्षिक. दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं.’

‘घे मग. पण ध्यानात ठेव शाले, नापास झालीस की जूनात लगीन. ते पंढरीनाथाचं स्थळ मी हातचं सोडणार न्हाई.’

हे पंढरीनाथ म्हणजे बैलांचे दलाल. पहिली बायको वारलेली, दोन लेकरं, आणि मिशा अशा की समोरच्याला चहाची बशी दिसू नये. आणि पास झाले तर? तर मिरजेला अध्यापिका विद्यालय, दोन वर्षं हॉस्टेल, मग मास्तरीण. हे सगळं एका विषयावर टांगलेलं होतं आणि तो विषय एका तालावर.

कारण गळा माझा बरा होता. बाई म्हणायच्या, सूर जन्मजात आहे पोरीचा. पण ताल म्हणजे सात जन्मांचा वैरी. मी गिरणीत वाढलेली. दिवसभर कानाशी फट-फट-फट-फट. त्या इंजिनाला ना सम होती ना खाली. सुरू केलं की सुरू, बंद केलं की बंद. मामा म्हणायचे, ‘तुज्या आप्पाच्या इंजनानं तुजं कान भरडून ठेवल्यात.’

ज्यांना ताल ठाऊक नाही त्यांच्यासाठी मास्तरणीच्या सवयीनं एवढंच सांगते. त्रितालाच्या मात्रा सोळा. पहिली ती सम. गाणारा आणि तबलजी कुठंही हिंडून आले तरी समेवर दोघांनी भेटायचं. नववी मात्रा ती खाली, जिथं टाळी न देता नुसता हात उलटा करायचा आणि तबलाही हलका वाजतो. आम्हाला परीक्षेला भूप रागातली जी बंदिश होती, तिची पहिली ओळ, म्हणजे मुखडा, खालीवरून उचलायचा होता. समेवरून तान घ्यायची, ती आठ मात्रांत संपवायची, बरोबर खालीवर मुखडा पकडायचा आणि समेवर येऊन टेकायचं. झालं. एवढ्यासाठी मी वर्षभर रडले.

रंगामामा म्हणजे रंगनाथ गुरव, आम्हा मुलींचे नुसते म्हणायचे मामा. भैरोबाच्या देवळातली त्यांची पिढीजात सेवा. सकाळ-संध्याकाळ देवापुढं चौघडा वाजवायचा. पंचक्रोशीत भजन असो, कीर्तन असो, जत्रेतलं गाणं असो, तबल्याला रंगामामाच. माणूस काटकुळा, गालाची हाडं वर आलेली, खिशात पितळी हातोडी. तबल्याच्या कडेच्या लाकडी गठ्ठ्यांवर टक-टक करून ते तो सुरात लावायचे, आणि आम्ही मुली गडबड करायला लागलो की तीच हातोडी जमिनीवर आपटायचे. शाळेत अकरा वर्षं तबला वाजवत होते, पण मस्टरवर नावापुढं ‘तात्पुरते’. येत्या जूनला कायम करू, असा संस्थेनं शब्द दिला होता. तो शब्द मिळाल्यापासून मामा शाळेत धोतराला नीळ घालून यायला लागले होते.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, ‘मामा, गाणारा चुकला तर तुम्ही काय करता?’

‘काय करनार? आपन बी तिकडं जायाचं.’

‘म्हणजे?’

‘अगं, साथ म्हंजी सोबत. सोबतीचा मानूस वाट चुकला तर रस्त्यात हुबं ऱ्हाऊन बोंबलायचं न्हाई. गुमान त्येच्यासंगं वळायचं. बघनाऱ्याला वाटलं पायजे, ह्यांचा रस्ता ह्योच हुता.’ मग सुपारीचं खांड तोंडात टाकून म्हणाले, ‘आन त्या गाणाऱ्याला सुदीक कळता कामा नये. कळलं तर साथ कसली ती.’

मला तेव्हा ते नुसतं ऐकायला छान वाटलं.

मार्चमध्ये प्रात्यक्षिक झालं. प्रयोगशाळेच्या मागची खोली सारवून-झाडून ठेवली होती. परीक्षक कोल्हापूरहून आले होते, देशिंगकर नावाचे. काळा कोट, काळी टोपी, आणि डावा हात सतत मांडीवर. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असायचा, एकेक मात्रा मोजत. नियम असा की शिकवणाऱ्यानं आत थांबायचं नाही. म्हणून आठल्येबाई बाहेर व्हरांड्यात, आणि आत परीक्षक, मामा आणि मी.

मी बसले तेव्हा मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हाताला पावडर लावली, हातोडीनं दोन ठोके दिले आणि ठेका सुरू केला.

बंदिश चांगली गेली. तिचे शब्द मला आजही पाठ आहेत, पण ते इथं लिहिणार नाही. दोनदा मुखडा म्हटला, दोन्ही वेळा समेवर नीट टेकले. मग तान. बाईंनी बसवून दिलेली, आठ मात्रांची, रोज पन्नासदा घोटलेली. देशिंगकरांचा अंगठा पेरांवरून चालला होता तिकडे माझी नजर गेली आणि तिथंच अडकली. पण तान घेतली, मुखडा उचलला आणि समेवर आले. मामांचा ‘धा’ माझ्या स्वरावर असा येऊन पडला की मला हसूच फुटलं. जमलं, म्हटलं, सुटले बाई पंढरीनाथाच्या तावडीतून!

‘थांबा,’ देशिंगकर म्हणाले.

तबला थांबला.

‘काय हो बुवा, त्रितालाचा एकताल कधीपासून झाला?’

मामांनी डग्गा जरा जवळ ओढला.

‘सोळा मात्रा असतात ना त्रितालात? हे आवर्तन एकतालासारखं बारांचं झालं. माझी पेरं खोटं बोलत नाहीत. चार मात्रा कुठं गेल्या?’ मग ते माझ्याकडे वळले. ‘मुली, तू तानेत चुकलीस आणि यांनी तुला सांभाळून घेतलं, असं झालं का? झालं असेल तर ती कॉपी धरतात. साथीदारानं उमेदवाराला मदत करायची नाही, असा नियम आहे. तुझं प्रात्यक्षिक मला रद्द करावं लागेल. कोण चुकलं?’

‘मी नाही चुकले!’ मी जवळजवळ ओरडलेच. ‘मी बरोबर समेवर आले. तबला चुकला असेल.’

देवाशपथ सांगते, तेव्हा मला तसंच वाटत होतं. मी मुखडा उचलला तेव्हा खालीचा ठेका वाजत होता. समेवर आले तेव्हा सम वाजली होती. मग मी चुकेन कशी?

मामांनी तबल्याच्या मधल्या काळ्या शाईवर तळहात ठेवला आणि म्हणाले, ‘पोरगी खरं बोलतीया. माजा हात घसरला. वय झालं आता, साहेब.’

वय! बेचाळीस वर्षांचा बाप्या तो.

‘तालात घसरतो हात?’ देशिंगकरांनी चष्म्यावरून बघितलं. ‘किती वर्षं वाजवता?’

‘लहानपणापासनं.’

‘कमाल आहे.’ त्यांनी कागदावर काहीतरी बरंच लिहिलं. मग मला म्हणाले, ‘पुन्हा म्हण. तान नको. नुसती बंदिश.’

मी म्हटली. ते ‘बरं’ म्हणाले. बाहेर आल्या आल्या मी आठल्येबाईंकडे तक्रार केली. ‘बाई, मामांनी आज काय घोटाळा केला! त्यांच्यापायी माझं प्रात्यक्षिक गेलं असतं!’

‘रंगनाथ? तालात?’ बाई म्हणाल्या. ‘काहीतरीच काय.’

त्यांनी खोलीच्या दाराकडे बघितलं. मामा पुढच्या मुलीसाठी तबला लावत होते. टक-टक, टक-टक.

पंधरा-वीस दिवसांनी, लेखी परीक्षाही संपल्यावर, बाईंनी मला घरी बोलावणं पाठवलं. बाई एकट्याच राहायच्या, पोस्टाच्या वरच्या खोलीत. मी गेले तर पेटी उघडीच होती.

‘ती तान म्हणून दाखव,’ त्या म्हणाल्या. बस नाही, पाणी घे नाही.

मी म्हटली. आठ मात्रांची, बिनचूक. बाईंनी पेरांवर मोजली.

‘ही नव्हे. तिथं म्हटलीस तशी म्हण. डोळे मीट. तू खोलीत बसली आहेस. समोर देशिंगकर आहेत, त्यांचा अंगठा फिरतोय. मामांनी सम दिली. घे.’

मी डोळे मिटले. सारवलेल्या जमिनीचा वास आठवला, काळा कोट आठवला, पेरांवरून फिरणारा अंगठा दिसला. ‘सारे गप धसां धप’ इथवर गेले, आणि माझं तोंड आपोआप मुखड्याकडे वळलं. पुढचं ‘गप धप गरे सा’ घशातच राहिलं. मला कळलंसुद्धा नाही. मी मुखडा म्हणून थांबले आणि डोळे उघडले. बाईंचा अंगठा करंगळीच्या पेरावर थांबला होता.

‘चार मात्रा,’ बाई म्हणाल्या. ‘अर्धी तान खाल्लीस तू शालन, आणि चार मात्रा आधीच मुखडा उचललास.’

‘पण तेव्हा खालीचा ठेका वाजत होता बाई! मी ऐकला!’

‘वाजत होता, कारण तू मुखडा उचललेला ऐकून तो उडी मारून तुझ्याजवळ आला.’ बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. पुसत राहिल्या. ‘गिळल्या गं त्यानं त्या चार मात्रा. तुझ्यासाठी. आणि वर चुकलो म्हणाला. तबलजीनं ताल चुकलो म्हणणं म्हणजे काय असतं, तुला कसं कळणार.’

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला एकदम भीती वाटली, ती स्वतःसाठी.

‘बाई, हे कुणाला सांगू नका.’

‘मी काय सांगणार? मी आत नव्हते.’ त्यांनी चष्मा घातला. ‘ऐक. देशिंगकरांचा रिपोर्ट आलाय. साथीदाराला तालाचं भान नाही, परीक्षेच्या कामाला अयोग्य, असं लिहिलंय. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी कमिटी बसणार आहे, त्याला कायम करायचं की काढायचं ते ठरवायला. आणि निर्मळेसर तुला बोलावणार आहेत. आत तूच होतीस.’

‘मी काय सांगू?’

‘खरं सांगितलंस तर तुझं प्रात्यक्षिक जाऊ शकतं. नाही सांगितलंस तर त्याची नोकरी जाईल. मी तुला काही शिकवणार नाही. तान शिकवली, तेवढं पुरे.’

त्या आठवड्यात पंढरीनाथांची आत्या आमच्याकडे येऊन गेली. माझा हात हातात घेऊन तिनं तळवा उलटा केला, नखं बघितली, मला चालायला लावलं. जाताना आप्पांना म्हणाली, ‘पोरगी कामाची दिसतीया. निकालाची कशापायी वाट बघतायसा?’ आप्पा म्हणाले, ‘शबूद दिलाय पोरीला. नापास झाली की दुसऱ्या दिवशी सुपारी फोडू.’ मी रात्रंदिवस भैरोबाला हात जोडत होते. काय मागत होते ते मात्र मला भैरोबासमोरही नीट बोलता येत नव्हतं.

शिपाई बोलवायला आला तेव्हा मी दळण घेत होते. हातावरचं पीठ झटकून तशीच गेले.

ऑफिसात मुख्याध्यापक निर्मळेसर होते, संस्थेचे चेअरमन अण्णा होते आणि दाराशी मामा उभे होते. हातात टोपी. धोतराला नीळ घातलेली. मी आत येताना त्यांनी मला वाट दिली.

‘ये पोरी, भिऊ नकोस,’ अण्णा म्हणाले. ‘आमाला काय त्यातलं कळत न्हाई. रंगाला आम्ही लहानपणापासनं ऐकतोय. त्यो चुकंल आसं आमच्या मनाला पटत न्हाई. आन त्यो तर म्हणतोय, चुकलो. म्हणून तुला इचारतोय. तू आत हुतीस. खरं काय ते सांग. तबला चुकला का तू चुकलीस?’

मी मामांकडे बघितलं.

मामाही माझ्याकडेच बघत होते. आणि त्यांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती. त्यांना सवयच होती ती, कुठंही उभे असले तरी मांडीवर ठेका चालायचा. पण त्या दिवशी मला तो दिसला. वर्षभर रडून जो कळला नव्हता, तो त्या वेळी लख्ख कळला. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा. मग बोटं हलकी झाली. खाली.

‘सांग की,’ अण्णा म्हणाले.

पंढरीनाथांच्या मिशा डोळ्यापुढं आल्या. मिरजेचं हॉस्टेल आलं.

‘तबला चुकला,’ मी म्हणाले.

तेच दोन शब्द. पहिल्यांदा म्हटले तेव्हा ते खरे वाटले होते. आता ते खोटे आहेत हे मला, बाईंना आणि दाराशी उभ्या असलेल्या त्या माणसाला ठाऊक होतं. मामांची बोटं मांडीवर थांबली. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, नीट केली आणि म्हणाले, ‘मी म्हनलं न्हवतं का, अण्णा.’

अण्णांनी समोरचा रिपोर्ट मिटून ठेवला. निर्मळेसर मला म्हणाले, ‘जा तू.’ बाहेर येऊन मी नळावर हात धुतले. पीठ केव्हाच गेलं होतं, तरी धूत राहिले.

जूनमध्ये निकाल लागला. संगीतात मला शंभरापैकी एक्केचाळीस मार्क होते. आप्पांनी गिरणीत येणाऱ्या प्रत्येक डब्यावर एक पेढा ठेवला. पंढरीनाथांनी तासगावची दुसरी मुलगी केली. मी मिरजेला गेले आणि शाळेत नवा तबलजी आला, तोही मिरजेहूनच.

मामांचं काय झालं ते मला सुट्टीत घरी आल्यावर तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. गावात त्यांना ‘एकताल’ म्हणायला लागले होते. गावाचं तोंड ते, त्याला कुठं झाकण असतं! भजनाला बसले की कुणीतरी विचारायचंच, ‘रंगा, आज बारा का सोळा?’ बाकीचे खदाखदा हसायचे. मामाही हसायचे म्हणे, पहिल्यांदा. मग त्यांनी तबला-डग्गा गुंडाळून देवळाच्या माळ्यावर टाकला, चौघड्याची सेवा धाकट्या भावाच्या गळ्यात घातली आणि मामींना घेऊन सासुरवाडीला निघून गेले, जतकडे. तिथं कुणाच्या तरी चिंचेच्या बागेची राखण करतात, एवढंच लोकांना माहीत होतं.

मी मास्तरीण झाले. चौतीस वर्षं नोकरी केली. लोक म्हणायचे, शालनबाई फार चांगल्या हो, पोरांवर कधी खोटा आळ घेत नाहीत. मी ते ऐकून घ्यायचे.

मामांकडे जायचं मी दर सुट्टीत ठरवलं आणि दर सुट्टीत टाळलं. कधी मुलाची मुंज निघाली, कधी एसटीचा संप, कधी नुसतीच कंबर दुखली. खोटं सांगत नाही, मला तोंड दाखवायची हिंमत होत नव्हती. अशी एकोणीस वर्षं गेली. मग आठल्येबाई वारल्या. त्यांच्या तेराव्याला जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी जतची एसटी पकडली. आता हे ठाऊक असलेली दोनच माणसं उरली होती.

मामा चिंचेच्या झाडाखाली पोत्यावर बसले होते. पाठीला बाक आला होता. समोर चिंचांचा ढीग आणि हातात ती पितळी हातोडी. एकेक चिंच दगडावर ठेवून ते टक-टक करत होते आणि टरफल बाजूला सारत होते. ठोका तोच, मऊ आणि नेमका. चिंचोका फुटत नव्हता.

‘मामा, ओळखलंत का?’

त्यांनी वर बघितलं. ‘इंजनवाल्याची शालन. बस.’

मामी घरातून बाहेर आल्या, मला बघून पुन्हा आत गेल्या. त्यांना मी कोण ते कळलं होतं, आणि त्यांना माझ्याशी बोलायचं नव्हतं.

मी पोत्याच्या कडेला बसले. एसटीत पाठ केलेलं सगळं विसरून गेले.

‘मामा, मी चुकले होते,’ मी म्हणाले.

‘कुटं?’

‘तानेत. अर्धी तान खाल्ली मी. चार मात्रा.’

‘आता सांगतीस व्हय?’ ते हसले. दात बरेच पडले होते. ‘मला काय म्हाईत न्हवतं? मीच गिळल्या की त्या.’

‘मला तेव्हा कळलं नव्हतं, मामा. खरंच कळलं नव्हतं. मला वाटलं…’

‘कळलं न्हाई त्येच चांगलं झालं. गाणाऱ्याला कळू द्यायचं नसतंय. सांगितलं हुतं न्हवं तुला?’ त्यांनी आणखी एक चिंच दगडावर ठेवली. ‘परीक्षंतलं मी कवाच मनाला लावून घेतलं न्हाई. त्यो माजा धर्म हुता. त्यात तुजा काय दोष न्हाई.’

मला एवढं हलकं वाटलं की मी रडायलाच लागले. इतकी वर्षं मी उगाच जिवाला लावून घेतलं, असंसुद्धा वाटून गेलं. मग माझ्या लक्षात आलं, ते ‘परीक्षंतलं’ म्हणाले होते.

‘आणि ऑफिसातलं?’ मी विचारलं.

हातोडी थांबली. घरात मामींनी स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला.

‘तवर तुला कळलं हुतं?’ त्यांनी विचारलं.

‘हो.’

‘मला वाटलंच. तुज्या तोंडावर दिसत हुतं.’ त्यांनी हातातली चिंच खाली ठेवली. ‘तू आत आलीस, माज्याकडं बघितलंस, तवा मी मनात म्हनलं, पोरीला आता ताल कळला. खालीवर हाय, आता उचलील. आता समेवर येईल. मी तितं वाट बघत हुतो, पोरी.’ ते माझ्याकडे न बघता बोलत होते. ‘तू आलीच न्हाईस.’

मी त्यांचे पाय धरले. ‘आता आले ना, मामा. उशिरा का होईना, आले. मी गावात येऊन सांगते. अण्णांच्या घरी जाऊन सांगते, देवळात उभी राहून सांगते. आता आले ना मी.’

त्यांनी माझे हात पायांवरून काढले. उजवा हात मनगटाला धरून उलटा केला, तळवा वर, आणि तसाच माझ्या मांडीवर ठेवून दिला.

‘आता कुटं ठेका चालू हाय,’ ते म्हणाले. मग घराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, ‘अगं, पावणीला च्या टाकलास का?’

मामींनी चहा आणून माझ्यासमोर ठेवला. गुळाचा होता, त्यात सुंठ घातलेली. मी तो सगळा प्यायले. मामांनी हातोडी उचलली आणि उरलेल्या चिंचा फोडायला घेतल्या.